स्वागताचं कापड

मंडळाच्या दिवाणखान्यात तो फोटो अजून टांगलेला आहे. नजर गेली की मला किळस येते.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. अमरावतीहून बी.ए. होऊन मी बुलढाण्याला कचेरीत लागलो होतो. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर. माझी वसतिगृहासाठी शिफारस केली होती ती गावातल्या एका वकीलसाहेबांनी. त्यांच्याच मंडळानं वस्तीतल्या शाळेत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली. बाहेरगावचे डॉक्टर येणार होते. "बायांना तू आण, तुझं ऐकतील," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचे उपकार आठवून मी घरोघर फिरलो.

शेजारच्या मावशीच्या गालात आतून जखम होती. दात दुखतो म्हणून ती भाजलेली तंबाखू तिथंच दाबून ठेवायची. आमच्याकडं बायांचं दातावरचं औषध तेच. सुटी संपून मी कॉलेजला निघालो की भाकरीचं गठुडं घेऊन स्टँडवर यायची, ती ही मावशी.

"थ्या शाळेत भासरे बसले रायतीन. त्यायच्या म्होरं तोंड उघडू काय मी?"

नातवंडं झाली तरी नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तिचा पदर कधी हटला नव्हता.

"पडदा लावतो ना मावशी."

"लावजो बरं. नाई तं तशीच वापस येईन."

शाळेची खोली एकच. तिथं पडद्याजोगं कापडही एकच होतं: पाहुण्यांच्या खुर्च्यांमागं टांगलेलं गुलाबी साटीन, त्यावर सोनेरी कागदाची 'सुस्वागतम्' अशी अक्षरं. भाषणं चालू असताना मी वाकून वकीलसाहेबांच्या कानाशी लागलो.

"कापड? अरे, फोटो व्हायचाय अजून."

"बायका तोंड उघडणार नाहीत, साहेब."

"शिकलेला ना तू? समजाव त्यांना."

मावशीचे भासरे वस्तीचे पंच, म्हणून हार घालून पुढंच बसले होते. त्यांनी हे ऐकलं. गुमान हार काढला आणि ते बाहेर निघाले. "पंच, चालले कुठं? फोटोत तुम्ही पाहिजे!" दोघा कार्यकर्त्यांनी दंड धरून त्यांना परत बसवलं. मग पानसुपारीचं तबक फिरलं. त्यात तंबाखूही होती.

डॉक्टरांनी काही पुरुषांच्या तोंडात बॅटरी मारली. बाया भिंतीशी पदर धरून बसल्या होत्या. फोटो झाला आणि एसटीची वेळ झाली म्हणून डॉक्टर उठले.

"घे बाबा तुझं कापड," वकीलसाहेब हसत म्हणाले. तोंडात विडा होता.

मी वळलो, तर मावशी गेलेली. घरी गाठून म्हटलं, "उद्या मोठ्या दवाखान्यात नेतो तुले."

"तिथं पडदा हाये?"

"असन."

"असन नोको सांगू. तू मांगंही लावतो म्हनला होता."

मी पुन्हा पुन्हा विचारलं. ती नाहीच म्हणाली. गाल बाहेरून फुटला तेव्हा कुठं आली. दवाखान्यात लोखंडी दांडीवर साधा हिरवा पडदा होता. तिनं तो हाताळून पाहिला, मग पदर काढला. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "पावसाळ्याआधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं." आमची तपासणी उन्हाळ्यात झाली होती.

मावशी संक्रांतीच्या आत गेली. फोटोत वकीलसाहेब मधोमध आहेत. पंच मान खाली घालून बसलेत. मागं ते साटीन, एकही सुरकुती नसलेलं.