हेल्मेटमधला लाल दाणा

मिलकोव्हच्या बर्टन गॉसला अमेरिकनांबद्दल चांगलं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. नदीच्या या काठाला मिलकोव्ह, म्हणजे कॅनडा. त्या काठाला हार्लो, म्हणजे अमेरिका. मधे एक पूल. बर्टचं दाढी-कटिंगचं दुकान पुलाच्या तोंडाशीच, त्यामुळे त्याच्या तोंडाला विषयाची वानवा कधी पडली नाही. अमेरिकन बिअर म्हणजे बाटली विसळलेलं पाणी. त्यांचा झेंडा म्हणजे झेंडा नव्हे, पलंगावरची चादर. उन्हाळ्यात एखादा अमेरिकन प्रवासी विचारी, "तुमच्याकडे बर्फ असतो ना? दिसत नाही कुठे." बर्ट कात्री न थांबवता सांगे, "फडताळात ठेवलाय, जुलैत बाहेर काढत नाही."

हे सगळं तो ज्या खुर्चीमागे उभा राहून बोले, ती खुर्चीही अमेरिकनांचीच. बर्ट लहान असताना एका हिवाळ्यात मिलकोव्हचा मुख्य रस्ता पेटला आणि गावच्या बंबाचं पाणी नळीतच गोठलं. तेव्हा हार्लोचा बंब पूल ओलांडून आला. बर्टच्या बापाचं दुकान तरीही गेलं. आठवड्याभरात हार्लोच्या न्हाव्याने आपल्या दोन खुर्च्यांपैकी चांगली होती ती घसरगाडीवर घालून पाठवून दिली. बर्टच्या पायातले बूटही हार्लोचेच. तिकडे स्वस्त मिळतात म्हणून अख्खं मिलकोव्ह जुने बूट घालून पूल ओलांडी आणि नवे घालून परत येई. पुलावरच्या नाक्यावरचे जकातवाले पायांकडे बघत नसत. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं जगात कमी नाहीत, पण बर्टइतक्या आवडीने मोजणारा विरळा.

त्या आगीपासून मिलकोव्हचं अग्निशमन पथक दर वसंतात हार्लोच्या पथकाला जेवायला बोलवी. खड्ड्यात निखारे पुरून त्यावर लोखंडी हंड्यांत रात्रभर शिजवलेला घेवडा, काकवी, डुकराचं मांस आणि वाफवलेला काळा पाव. आमंत्रण धाडण्याआधी पथकात मतदान होई. जुनं चामडी हेल्मेट फिरायचं. पांढरा घेवडा टाकला तर होकार, लाल राजमा टाकला तर नकार. एक जरी लाल निघाला तरी आमंत्रण रद्द, असा नियम. आणि दरवर्षी एक लाल निघेच. तो बर्टचा. मग पथकाचा प्रमुख व्हर्न म्हणायचा, "बर्ट, उचल तुझा दाणा," बर्ट कुरकुरत उचलायचा, सगळे हसायचे आणि आमंत्रण जायचं. नियम कशासाठी होता हे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या वसंतात लंडनहून एक पत्रकार आला. बलाढ्य शेजाऱ्याच्या काखेत लहान देश कसा गुदमरतो, यावर त्याला लिहायचं होतं. नाक्यावर कुणीतरी त्याला सांगितलं, बर्टकडे जा, वही भरून मिळेल. तो दाढीला बसला. मागे बाकावर एल्डन क्रेग आपला नंबर धरून बसला होता. एल्डन बर्टचा शाळेपासूनचा सोबती, पथकातलाही. त्याचा एकुलता मुलगा डेल पूल ओलांडून अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला आणि वर्षाच्या आत व्हिएतनाममध्ये मेला. त्यानंतर एल्डन मुळात कमी बोलायचा तो आणखी कमी बोलू लागला.

"म्हणजे अमेरिकन एकंदरीत उपद्रवी लोक," पत्रकार म्हणाला.

"आडमुठे," बर्ट म्हणाला.

"लोभी. दुसऱ्याला मदत करतात ती मिरवण्यासाठी."

बर्टचा वस्तरा थांबला. पत्रकाराचा अर्धा चेहरा साफ झाला होता, अर्ध्यावर फेस होता. अशा अवस्थेत माणूस उठून जाऊ शकत नाही, हे बर्टला चांगलं ठाऊक होतं.

"दुसरी मोठी लढाई संपल्यावर तुमच्या मातोश्री अंडी कुठून आणायच्या, साहेब?"

"अंडी? अंडी नव्हतीच तेव्हा. भुकटी मिळायची."

"कुठली?"

बर्ट वस्तरा पट्ट्यावर घासू लागला.

"मी होतो तिकडे, लंडनमध्ये, गणवेशात. डब्यांवरचं अमेरिकेचं नाव वाचता यायचं मला. तुम्ही त्याच भुकटीवर वाढलात आणि आता त्यांना शिव्या घालायला इथवर आलात होय?"

"पण शिव्या तर तुम्हीच घालता!"

"मी घालणारच. शेजार आहे माझा. माझा बाप रस्त्यावर आला तेव्हा हीच खुर्ची त्यांनी पाठवली, मिरवायला कुणी आलं नाही मागून. तुम्ही काय पाठवलंत? सहानुभूतीची तार?"

"ते आग विझवतात, कबूल," पत्रकार फेसातून म्हणाला, "पण लावतातही. आशियात जाऊन विचारा."

"लावतात. पण जगात कुठेही भूकंप झाला, पूर आला, की आधी हात त्यांच्यापुढे पसरायचा, आणि पोट भरलं की त्यांच्याच नावाने बोटं मोडायची, ही कुठली रीत? त्यांच्या घराला आग लागते तेव्हा जातं का कुणी? आम्ही जातो. कारण पूल आहे. बाकीच्यांना सबब आहे."

बर्टने एवढं भाषण जन्मात केलं नव्हतं. त्याला स्वतःचाच अचंबा वाटला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. त्याने उरलेली दाढी नीट, एकही ओरखडा न काढता उरकली. टॉवेल झटकून मागे वळला तर बाक रिकामं. एल्डन केस न कापताच निघून गेला होता. तो तिथे बसलाय, हे बर्ट बोलण्याच्या भरात साफ विसरला होता.

रविवारी चर्चनंतर बंबखान्यात मतदान झालं. बर्टच्या खिशात नेहमीचा लाल दाणा होता, पण यंदा थट्टेला हात जाईना. त्याने पांढरा टाकला.

व्हर्नने हेल्मेट टेबलावर उपडं केलं. पांढऱ्या ढिगात एक लाल.

"बर्ट, उचल तुझा दाणा!"

सगळे हसले. बर्टने आधी दाण्याकडे पाहिलं, मग एल्डनकडे. एल्डन शेगडीकडे बघत होता. बर्टला काय करावं सुचेना, म्हणून त्याने दरवर्षीचं तेच केलं. दाणा उचलला, खिशात टाकला आणि म्हणाला, "या वर्षी तरी विसराल असं वाटलं होतं." पुन्हा हशा. आमंत्रण मंजूर. जेवण वाचवलं आणि मित्राची लाजही राखली, अशा समाधानात तो बाहेर आला.

एल्डन भिंतीला टेकून उभा होता. त्याने हात पुढे केला. "दे माझा दाणा."

"अरे, मी तुझ्यासाठीच—"

"डेल गेल्यापासून मी तोंड उघडलं नाही. आज पहिल्यांदा काही बोललो. आणि तू त्यावर लोकांना हसवलंस."

"जेवण मोडलं असतं रे. इतक्या वर्षांचं."

"म्हणूनच टाकला ना! एक वर्ष तरी ते ताट माझ्यापुढे नको होतं. तुझ्या बापाला त्यांनी खुर्ची दिली. मला डेलच्या शवपेटीवरचा, घडी घातलेला झेंडा दिला. तू म्हणतोस तसा चादरीएवढाच आहे, कपाटात मावत नाही."

बर्टने खिशात हात घातला. दोन लाल दाणे हाती आले. कुठला कुणाचा ते कळेना. त्याने दोन्ही एल्डनच्या हातावर ठेवले आणि आत गेला.

"तो दाणा माझा नव्हता," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. कुणाचा, हेही कुणी विचारलं नाही. व्हर्नने कपाळ चोळलं. "मग नियमाप्रमाणे यंदा आमंत्रण नाही. तिकडे सांगायचं कुणी?"

"मीच जातो," बर्ट म्हणाला. "एवीतेवी शिव्या माझ्याच नावावर आहेत."

हार्लोच्या पथकाचा प्रमुख लायमन प्रेस्कॉट बंबाचं पितळ पुसत होता. बर्टने सरळ सांगितलं की यंदा जेवण नाही, कारण एकाला ते नको आहे.

"आग लागली तर?"

"आगीला मतदान नसतं. येऊ."

"आम्हीही. पण तो एक म्हणजे एल्डन का?"

बर्टने होकारार्थी मान हलवली.

लायमनने फडकं खाली ठेवलं. "सैन्यभरतीला बँगोर शहरात जायचं म्हणून डेल पुलापाशी गाडीची वाट बघत उभा होता. थंडी मरणाची. मी म्हटलं, बस, सोडतो. अडलेल्याला नेतो ना आपण, तसं. वाटेत जेवायला घातलं. हात हलवून निरोप दिला. त्यानंतर दरवर्षी एल्डनच्या समोर बसून घेवडा खाल्ला मी. एकदाही सांगायचं धाडस झालं नाही."

दुकानात बर्टचं एवढं तोंड चाललं होतं, त्यातला एक शब्दही इथे उपयोगाचा नव्हता.

लायमनने कोट चढवला. "आमंत्रण नाही ना?"

"नाही."

"मी जेवायला येत नाहीये."

दोघे पुलावरून आले. एल्डनच्या फाटकाशी बर्ट थांबला. लायमन एकटा पायऱ्या चढला, दार वाजवलं, टोपी काढली. एल्डनने दार उघडलं पण आत ये म्हटलं नाही.

"डेलला बँगोरला मी नेलं होतं, एल्डन. माझ्या गाडीतून. कुणी सांगितलं नव्हतं, मीच नेलं."

एल्डन दाराची कडी धरून उभा राहिला. बर्टला वाटलं, आता दार बंद होणार. त्याने नजर खाली वळवली.

"वाटेत काही बोलला का तो?" एल्डनने विचारलं.

"बोलला ना. बरंच बोलला."

एल्डन दारातून बाजूला झाला.