शेजाऱ्यासकट जमीन

आण्याच्या पठारावर जमीन घ्यायची म्हणून मी सकाळपासून हवेत होतो. एजंट माझ्याआधीच पोचलेला. इस्त्रीचा शर्ट, काखेत सातबारा-नकाशाची फाइल. नुसती बघणार, असं मी फोनवर सांगूनही त्याने चारही हद्दी झपाझप चालून दाखवल्या. मग शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्याला बांधावर बोलावलं.

"मामा, ह्या जमिनीत वंगाळ काय, ते पावण्यांना सांगा."

"पावसाळ्यात गाडी येत न्हाई. लई चिखल."

मी चाटच पडलो. "अहो, अशानं गिऱ्हाईक पळेल!"

"पळू द्या, राव. शेजार जन्माचा. पहिली वळख तरी खऱ्यानं व्हऊ द्या," एजंट म्हणाला.

मी मामांकडे वळलो. "मामा, पावसाळ्यात माझी गाडी तुमच्या दारात लावू का?"