कोलनचं तीर्थ

कोलन वॉटरचा वास आला की सोलापूरचं आमचं माजघर आठवतं. पंचाहत्तर सालच्या सुमारास मी यंत्रमागांचं काम शिकायला जर्मनीत होतो. इकडे माझे वडील, आप्पा, अंथरुणाला खिळलेले, आणि ते घटकाभर विसरावं म्हणून एका रविवारी मी एकटाच कोलन शहर बघायला गेलो. तिथल्या उंच चर्चमध्ये दुपारभर बसलो. परतलो तर खोलीवर तार आलेली, आप्पा गेले. पुढे घरी आल्यावर आईला कोलनमध्ये घेतलेली त्या सुगंधी पाण्याची बाटली दिली. म्हणालो, तिथल्या मोठ्या देवळाजवळ घेतली. “म्हंजे तीर्थच की रं!” म्हणत तिनं चार थेंब आप्पांच्या फोटोवर शिंपडले. “त्येंच्यासाटीच देवाला गेलतास न्हवं?” मी “व्हय” म्हणालो. आई जाऊनही आता वर्ष झालं. खरं सांगायचं धाडस आलंय, पण ऐकायला घरात कुणी नाही.