चेन मागच्या चाकांना

त्या शनिवारी स्कीइंगला कधी आणि कुठे जायचं, हे मी ठरवलं होतं. टाहोच्या डोंगरांत बर्फाचं वादळ संध्याकाळी येणार होतं. म्हणून वरचा मोठा डोंगर नको, अलीकडची छोटी टेकडी बरी. सांता क्लाराच्या घरून पहाटे चारला निघायचं आणि दुपारी एकला परत फिरायचं.

"पुढच्या वीकेंडला जाऊ ना यार," नवरा म्हणाला. पण तोवर सासरे नागपूरला परतणार होते, आणि त्यांना नातवाला स्की करताना बघायचं होतं. मी हट्टाला पेटले.

वादळ अकरालाच आलं.

बर्फात घसरू नयेत म्हणून पार्किंगमध्येच चाकांना लोखंडी चेन लावायची वेळ आली. सासऱ्यांनी तीस वर्षं अँबॅसेडर चालवलेली. "मागच्या चाकांना लावा. गाडीला मागचंच चाक ढकलतं," ते म्हणाले. नवऱ्याने निमूट लावल्या. वडिलांसमोर हा पस्तिशीचा इंजिनिअर दहावीतला मुलगा होतो. चेनच्या खोक्यावरचं चित्र मी पाहिलं होतं. आमच्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर, चेनही तिथेच हव्या होत्या. पण वादळाचा अंदाज माझाच चुकलेला. आता पुन्हा शहाणपणा कुठल्या तोंडाने शिकवणार? मी गप्प बसले.

उतारावरच्या पहिल्याच वळणाला नवऱ्याने स्टिअरिंग फिरवलं, गाडी वळलीच नाही. ती सरळ कडेकडे घसरत गेली. "मम्मा, व्हाय आर वी स्लाइडिंग?" शेजारून सहा वर्षांच्या लेकाने विचारलं. मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कडेला सारलेल्या बर्फाच्या ढिगात गाडीचं नाक घुसलं आणि आम्ही थांबलो. ढिगापलीकडे देवदारांचे फक्त शेंडे दिसत होते.

"बाबा, चेन पुढे हव्या होत्या," मी म्हणाले.

सासरे उतरले. हातमोजे काढून, गुडघ्यांवर बसून त्यांनी माझ्या नवऱ्याबरोबर चेन सोडवल्या आणि पुढच्या चाकांना चढवल्या. बोटं लालभडक झाली होती. मग माझ्या खिडकीशी आले.

"तुला आधीच माहीत होतं?"

"हो."

"पोराच्या जिवापेक्षा माझा मान मोठा होता का गं?"

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, मी त्यांचा मान राखला. मी राखला होता माझाच. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.