पडवीतली बॅटरी

मासेमारीच्या बंदीत आमची होडी किनाऱ्यावर नारळाच्या विणलेल्या झापांखाली असते आणि तिची बॅटरी घरच्या पडवीत, लाकडी फळीवर. आज बाबा गरम पाण्याने तिची टोकं पुसत होते.

"काम नाही तर चार्ज कशाला करता?" मी विचारलं.

"अरे, नुसती पडून राहिली तरी उतरते ती. तुझ्या बापासारखी!" ते हसले. "नारळी पुनवेला इंजिन एका झटक्यात सुरू झालं पाहिजे."

त्यांना न विचारता मी एका गिऱ्हाइकाला होडी विकायचा शब्द देऊन बसलोय. समुद्रावर जाणं सुटल्यावर ते कशाच्या आधारावर राहतील, हा विचारच मी केला नव्हता.

त्यांनी डिस्टिल्ड वॉटरची बाटली पुढे केली. "ओत तू. माझा हात हलतो."

पुनवेआधी सांगावं लागेल. आज मी नुसतं पाणी ओतलं.