हलबचा उस्ताद, मुक्काम हमद टाउन

भावोजी गेल्याचं मला त्यांच्या मालकाकडूनच कळलं. मी इथे आखातात, उम्म अल हस्समला ऑफिसात होतो. "उस्ताद खलास," म्हणाला, आणि त्याच दमात विचारलं, "कल स्कूल का ट्रिप है. उनके साइज का कोई आदमी है?" मेल्याची जीभ कशी झडली नाही!

भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. सावंतवाडीकडचे. हमद टाउनच्या साबणाच्या कारखान्यात राबायला आले आणि साबणासाठी नावाजलेल्या हलब शहरातून आलेल्या म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली पडले. ऑलिव्हचं तेल कढईत शिजवायचं, जिभेवर ठेवून क्षाराची चुणचुण गेली का बघायचं, जमिनीवर ओतायचं, कापायचं, वड्यांवर ठसा मारून महिनोन्‌महिने वाळवायचं. जेवताना हाच विषय. "अरे, पूर्वी क्षार झुडपांच्या राखेतून काढायचे, कॉस्टिक सोडा नंतरचा..." ताई म्हणायची, "आधी आमटी गिळा."

उस्ताद वारला. मालकाने त्याचा झगा भावोजींच्या अंगावर चढवला. दारावर पाटी होतीच, हलबच्या घराण्याची परंपरा म्हणून. "आज से उस्ताद तुम. ग्राहक के सामने कलाम मफी, बोलने का नहीं." बोलले असते तर कोकण बाहेर पडलं असतं ना! सगळ्या घराचा व्हिसा त्याच्या मुठीत, म्हणून गप्प राहिले. एकदाच म्हणाले, एका घाण्याच्या वड्यांवर तरी माझ्या नावाचा ठसा मारू द्या. मालक हसत सुटला. "कोकणी का साबुन कौन लेगा?"

मग गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या, रियाच्याच शाळेची सहल तिथे गेली. पोर पुढे धावली, "पप्पा!" मालक शेजारीच उभा. भावोजी खाली मान घालून वड्या रचत राहिले. पोरी हसल्या. घरी येऊन रिया मला म्हणाली, "मामा, ही प्रिटेंडेड ही डिडन्ट नो मी." त्यानंतर ती बापाशी धड बोलली नाही, आणि आता बोलायला बाप नाही. मला अजून संताप येतो, मालकाचा आणि थोडा भावोजींचाही.

गेल्या महिन्यात मालकाने त्यांनी केलेल्या शेवटच्या घाण्याची पेटी पाठवली. प्रत्येक वडीवर हलबच्या घराण्याचा ठसा. मी फेकायला निघालो तर ताईने हिसकावून घेतली. गेलो की दिसते, बाथरूमच्या फरशीवर बसून एकेक वडी खसाखसा घासत असते... परवा रियाही शेजारी बसली होती.

"ताई, अगं फुकट घालवतेस."

"ठसा जाईस्तोवरच घासते," ताई म्हणाली. "त्याच्याखालचा साबण ह्यांचा आहे."