बारा गावांचा होकार

कोरेटोल्याच्या नीलाबाई उसेंडीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बारा गावांनी पाळावा असा नियम तिनं केला होता. तो नियम तिच्याच मुळावर कसा आला, त्याची ही गोष्ट.

नीलाबाईचं वय साठीच्या आतबाहेर. नवरा कधीचाच गेलेला, एकुलती एक मुलगी रिंकू चार कोसांवरच्या हिकामटोल्यात दिलेली. घरी थोडं धान, मोहाचे दिवस आले की मोह वेचायचा, आणि वर्षभर आसपासच्या गावांतली बाळंतपणं. तिचा हात हलका आहे असं बाया म्हणत. हात हलका असला तरी तोंड मात्र चांगलंच जड होतं. नसती ढवळाढवळ करणाऱ्या सासूला ती अंगणात काढून उभी करायची. जे आपल्यानं होत नाही तिथं शहाणपणा करायचा नाही, हा तिचा जन्माचा धर्म. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्या म्हणून नर्सबाईच्या आधी नीलाबाईच ओरडायची.

या बारा गावांनी पूर्वी एका मोठ्या कंपनीच्या अॅपवर एक गट केला होता. त्यावर लोक गोंडीत बोलायचे, लग्नाची गाणी टाकायचे, कोण मेलं, कुठल्या गावात पेनाची, म्हणजे गोंडांच्या देवाची, जत्रा आहे, ते कळवायचे. एक दिवस तो गट नाहीसा झाला. का, ते कोणाला कळलं नाही. कोणी म्हणालं, कंपनीच्या यंत्राला गोंडी कळत नाही, त्याला वाटलं काहीतरी भानगड चालली आहे. अर्ज करायचा तर कोणाकडे, हेच ठाऊक नव्हतं. नीलाबाईच्या मेलेल्या बहिणीनं गायलेली तीन गाणी त्यात होती, तीही गेली. त्या दिवशी ती दिवसभर चुलीकडे फिरकली नाही.

मग पुण्याकडून काही शिकलेली पोरं डबे घेऊन आली. प्रत्येक गावात एक डबा, वर सोलरची पाटी. गावातला माणूस मोबाइलवर जे बोलेल ते आधी त्या डब्यात जाणार, तिथून शेजारच्या गावच्या डब्यात लगेच, आणि आठवडी बाजाराला बारा गावची माणसं जमली की त्यांच्या खिशातल्या मोबाइलांमधूनच ते बोलणं लांबच्या गावांतही पोचणार. मालक कोणी नाही, कंपनी नाही, ज्याचं बोलणं त्याच्यापाशी. पोरं फार उत्साहानं सांगत होती, की आता जगभर हेच होणार, माणसं आपली सत्ता परत घेणार. लोकांनी माना डोलावल्या आणि चहा पाजला.

तेव्हा नीलाबाई उठली. म्हणाली, "ते सगळं ठीक हाये. पण पुसणार कोण? मले एवढं सांगा."

पोरं म्हणाली, तुम्हीच ठरवा.

"मंग लिहून घ्या. बाराही गावच्या सभा हो म्हणतीन तवाच पुसायचं. एकाही गावात एकही माणूस नाई म्हणाला, तं पुसायचं नाई. आमचं बोलणं कोणी असंच्या असं गायब करून टाकलं, हे पुन्यांदा नाई पायजे."

एकमतानं निर्णय घेण्याची या गावांची जुनीच रीत. एक माणूस जरी अडला, तरी सभा पुढच्या खेपेला पुन्हा बसते. त्यामुळे नियम सगळ्यांना पटला. पुण्याच्या पोरांना तर इतका आवडला की त्यांनी तो कागदावर छापून प्रत्येक डब्याशेजारी चिकटवला. कंपनीच्या यंत्राकडे न्याय मागता येत नाही, हे खरंच आहे. पण माणसांकडे मागितला की मिळतोच, असं कोणी सांगितलं होतं? तो प्रश्न त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आला नाही. नीलाबाईच्याही नाही.

तीन वर्षं डबा छान चालला. नंतर एका फेब्रुवारीत पेरमवाहीच्या बुधरीचा मुलगा तापानं फणफणला. आयुष त्याचं नाव, वय अडीच वर्षं. तो नीलाबाईच्याच हातावर जन्मला होता. बुधरीचा नवरा झिंगू मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. बुधरीनं नीलाबाईला बोलावलं. नीलाबाईनं पोराच्या पोटाला हात लावला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि म्हणाली, "हे माह्या हातचं नाई. दवाखान्यात ने." घरी पोचल्यावर तिला चैन पडेना. तिनं डब्यावरून शेजारच्या पेरमवाहीला, एकट्या बुधरीलाच निरोप पाठवला, "निघालीस काय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलली, "बुधरी, आजच निघ. झिंगूची वाट नको पाहू. नाई तं पोट्टा हातचा जाईन."

बुधरी वाट पाहत राहिली. एकटी बाई, कधी गडचिरोली न पाहिलेली. शुक्रवारी नवरा येणार होता. गुरुवारी दुपारी जीप मिळाली तेव्हा पोर वाटेतच गेलं.

आठव्या दिवशी बुधरी डब्यावर बोलली. अवघी एक्केचाळीस सेकंदं. "नीलाबाईनं हात लावला अन् माहा आयुष गेला. तिचा हात चांगला नाई. बायाहो, आपापले लेकरं सांभाळा."

बाजार झाला आणि ती एक्केचाळीस सेकंदं बाराही गावांत पोचली.

नीलाबाईच्या दाराशी कोणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. फक्त बोलावणी थांबली. बाजारात ती मोहाच्या ढिगाशी वाकली की शेजारची बाई आपलं लेकरू उचलून दुसऱ्या कडेवर घ्यायची. हे सगळं तिनं गिळलं. पण रिंकूला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नीलाबाईनं खाट नव्यानं विणून घेतली होती. ती रिंकूला आणायला गेली तर विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि नजर चुकवत म्हणाल्या, "आमचं काई नाई बाई. पण लोकं रोज आयकून राह्यले ना ते. डब्यातून ते जाऊ दे, मंग घेऊन जा पोरीले."

डब्यांची देखभाल करणारा देवानंद तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांपैकी, चाळिशीतला गडी. मोटरसायकलवर हत्यारं बांधून तो बारा गावं फिरायचा. तो म्हणाला, "नीलाबाई, चावी माह्यापाशी हाये. म्हणशीन तं आत्ता पुसतो. कोणाले मालूमही नाई होणार."

मोह कोणाला होत नाही? तिलाही झाला. मग म्हणाली, "नाई, भाऊ. मंग ते कंपनीवाले अन् आपण सारखेच. नियम मीच केला, मीच चालीन."

आणि ती चालली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार? गावोगावच्या सभेत जाऊन ती एका कडेला बसायची, विषय निघाला की उभी राहून म्हणायची, "मी त्या पोराचं वाईट नाई केलं. पुसा म्हणसान तं उपकार होतीन." एका गावात तिला तेंदूपत्त्याचा वाद मिटेपर्यंत भर उन्हात बसवून ठेवलं. एका गावात तिच्याच हातावर जन्मलेला दाढी-मिशांचा तरुण विचारू लागला, "पण तुह्यापाशी पुरावा काय हाये?" ती हसली. घरी येऊन मात्र रडली. दीड महिन्यात अकरा गावांनी हो म्हटलं, हिकामटोल्यानंही. उरलं पेरमवाही. रिंकूला नववा लागला होता.

पेरमवाहीला जायच्या दिवशी देवानंदनं तिचा मोबाइल हातात घेतला आणि बोटानं एक जागा दाखवली. "हे पाय. तू बुधरीले पाठवलेले दोन्ही निरोप अजून इथीच हायेत. तारीख-वार सगळं हाये. सभेत हे बटन दाब. पाच मिनटात सुटशीन."

नीलाबाईला हे सुचलंच नव्हतं. बोललेलं वाऱ्यावर जातं, याच समजुतीत तिचा जन्म गेला होता. वाटभर तिनं मोबाइल मुठीत धरला होता, आणि कित्येक दिवसांनी तिचा श्वास मोकळा चालला होता.

सभा मोहाच्या झाडाखाली सकाळीच बसली. सगळे हो म्हणाले. म्हाताऱ्या पाटलांनी बुधरीकडे पाहिलं. ती झिंगूच्या मागं जमिनीकडे बघत बसली होती. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. म्हणाली, "नाई. मी नाई पुसू देणार."

"काऊन, बाई?"

बुधरीनं मान वर केली. "तिच्या हातानं नाई गेला, तं मंग कोणाच्या हातानं गेला? सांगा ना मले. कोणाच्या हातानं गेला माहा आयुष?"

नीलाबाईचं बोट बटनावर होतं. तिनं बुधरीकडे पाहिलं, बुधरीनं तिच्या मुठीतल्या मोबाइलकडे. त्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती. पायाखाली आलेल्या कोंबडीच्या पिलासारखी ती बाई आक्रसली. नीलाबाईला सगळं उमगलं. हिनं दोन्ही निरोप ऐकले होते. हिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढं बसलेल्या झिंगूला. बटन दाबलं की पाच मिनिटांत आपण सुटू, आणि पोराच्या मरणाचा भार उचलून आपल्याच हातानं त्याच्या आईच्या डोक्यावर ठेवू. ती बाई तो भार घेऊन घरापर्यंतही पोचणार नाही, वाटेत विहीर आहे.

झिंगू म्हणाला, "बोल ना, नीलाबाई. तुले काय म्हणायचं हाये?"

नीलाबाईनं मोबाइल ओच्यात खोचला. "मले काई नाई म्हणायचं," ती म्हणाली. "बुधरी नाई म्हणते, तं नाई."

सभा उठली. नीलाबाई देवानंदच्या मोटरसायकलवर मागं बसून सबंध रस्ता रिंकूचा विचार करत होती. आपण मोठं काही केलं, असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पोरीच्या तोंडचा घास कोणीतरी हिसकावला आणि आपण बघत राहिलो, असंच वाटत होतं.

रिंकूला गडचिरोलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. ही बातमी नीलाबाईला डब्यावरूनच कळली, सगळ्या गावाबरोबर. सहाव्या दिवशी ती हिकामटोल्याला गेली. कोणी नको म्हटलं नाही. विहीणबाई पाण्याला गेल्या होत्या, जावई रानात. रिंकू दारात बाजेवर बसली होती, मांडीवर लेकरू.

नीलाबाई अंगणातच थांबली. "कशी हायेस, बाई?"

"देवानंदभाऊनं सांगितलं मले," रिंकू म्हणाली. "तुह्यापाशी तुहं बोलणं होतं. वाजवलं काऊन नाई?"

"वाजवलं असतं तं बुधरी जगली नसती."

"अन् मी? दोन दिवस अडली होती मी. डॉक्टरीणबाईनं पोट कापाचं म्हटलं तवा तुले हाका मारून राह्यली होती. बुधरी तुही पोरगी हाये काय?"

हाच प्रश्न नीलाबाई स्वतःला चार कोस विचारत आली होती.

तेवढ्यात लेकरू जागं झालं आणि रडायला लागलं. त्या कोवळ्या आवाजासरशी नीलाबाई दोन पावलं पुढं गेली, हात आपोआप पुढं झाले. आणि रिंकूनं झटकन पदर ओढून लेकराचं तोंड झाकलं.

दोघीही तिथंच थिजल्या. तिथं सासू नव्हती, नवरा नव्हता, सांगणारं-बोलणारं कोणी नव्हतं. रिंकूनं आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. "आई," ती म्हणाली, "मी तसं नाई मानत वं. खरंच नाई मानत." आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

"मालूम हाये मले," नीलाबाई म्हणाली आणि वाट पाहत उभी राहिली.

रिंकू रडत राहिली, पण पदर तिनं बाजूला केला नाही.